पत्ता बदलताना : गिरणगावातील आपला इतिहास आणि पुनर्विकास

मुंबईचे मध्यवर्ती ठिकाण कोणते, या प्रश्नाला पर्यटनाच्या पुस्तकांत एकच उत्तर असते : कोट, बोरीबंदर, फ्लोरा फाउंटन. व्यापाराच्या आणि राज्यकारभाराच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु आपल्या समाजाच्या आठवणीतील मुंबईचे केंद्र तेथे कधीच नव्हते. ते परळ, पोयबावडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी या पट्ट्यात होते. कोकणातून बोटीने आणि देशावरून रेल्वेने आलेला माणूस पहिला मुक्काम याच पट्ट्यातील गाववाल्याच्या खोलीत करी. सभा येथे होत, जलसे येथे होत, वर्तमानपत्रे येथे छापली जात. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या या भागाला लोक गिरणगाव म्हणत.

हे गिरणगाव आता झपाट्याने नाहीसे होत आहे. गिरण्या कधीच गेल्या. आता चाळी जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या काढलेली कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात राहायला गेली. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे काका, आत्या, मावस भावंडे त्यांत असतील. हा आनंदाचाच क्षण आहे. त्या आनंदासोबत मनात एक हुरहुरही दाटून येते. ती कशासाठी आहे आणि तिचे काय करायचे, हे तपासण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

चाळ ही सुद्धा एकेकाळी ‘सुधारणा’च होती

जुन्या वस्तीविषयी बोलताना ती जणू अनादी काळापासून तेथे होती, असे आपण गृहीत धरतो. गिरणगावाच्या बाबतीत हे खरे नाही. आज ज्या चाळींसाठी आपण हळहळतो, त्या चाळी शहर सुधारण्याच्या सरकारी मोहिमांतूनच उभ्या राहिल्या.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या भागांत तिने हाहाकार माजवला. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रोगट ठरवलेल्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि कामगारांसाठी नव्या चाळी बांधायच्या, असे तिचे काम होते. पाडलेल्या वस्त्यांतील गरिबांना बाहेर काढणे ट्रस्टला जितके सहज जमले, तितके त्यांना पुन्हा घर देणे जमले नाही. तरीही ज्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या, त्यांतील एका चाळीने पुढे भारताचा इतिहास बदलला. तिच्याकडे आपण लवकरच येऊ.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणखी वाढली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी हे खाते निर्माण झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात संकल्पाच्या सुमारे एक तृतीयांशच काम झाले. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ चाळी बांधल्या गेल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, खोलीत एक मोरी आणि मजल्याला सामाईक संडास.

या सिमेंटच्या चाळी कामगारांना प्रथम मुळीच आवडल्या नाहीत. भाडे परवडत नव्हते, खोल्यांत उजेड नव्हता आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर वाटे. अनेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापर केला. ज्या इमारतीत घर म्हणून कोणी राहायला तयार नव्हते, ती कैद्यांसाठी मात्र सोयीची ठरली, यावरून तिच्या रचनेची कल्पना यावी. पुढे गावाकडून येणाऱ्यांचा लोंढा वाढला आणि याच खोल्यांत माणसांनी संसार उभे केले. वास्तूला मोल आले ते तेथे राहिलेल्या माणसांमुळे, हे येथेच लक्षात ठेवले पाहिजे.

पोयबावडीची दुसऱ्या मजल्यावरील खोली

रामजी सुभेदार १९०४ च्या सुमारास मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास सारे होते. तेथून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाणारा भीमराव मॅट्रिक झाला. तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बाबासाहेबांच्या हाती तथागतांचे चरित्र आले ते असे, गिरणगावाच्या दिवसांत. नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेकडे जाणारी वाट परळच्या चाळीजवळून निघते.

पुढे हे कुटुंब पोयबावडीच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये आले. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळली, तर १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचा पत्ता हाच होता. ते कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकत असताना माता रमाईंनी उपासमार आणि मुलांचे मृत्यू सोसले ते याच काळात. महाडचा सत्याग्रह, ‘बहिष्कृत भारत’, नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार : या साऱ्या घटना घडल्या तेव्हा बाबासाहेब एका सामाईक संडासाच्या चाळीत राहत होते. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह त्यानंतरचे.

त्या खोल्या लहान असल्याने चळवळीचे कार्यालय जवळच परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामकाज येथून चाले. आज ‘शिका, चेतवा, संघटित व्हा’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एखादा भव्य पुतळा येतो. परंतु ही हाक ज्या टेबलावरून संस्थेच्या कामात उतरली, ते टेबल परळच्या गजबजाटात, कामगार येता-जाता डोकावतील अशा ठिकाणी होते. पक्षकार, विद्यार्थी, गावाहून गाऱ्हाणे घेऊन आलेले लोक, सारे तेथे येत.

गिरणीच्या आत आणि बाहेर

गिरणगावाच्या आठवणी सांगताना कामगार एकजुटीचे चित्र नेहमी रंगवले जाते. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. कापड गिरणीत सर्वांत चांगली मजुरी साचेखात्यात, म्हणजे विणकामात होती. त्या खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा विटाळेल, म्हणून सवर्ण कामगारच विरोध करीत. परिणामी आपले लोक रिंगखात्यात आणि कमी मजुरीच्या कामांवर राहिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांनी आधी आपल्या बाजूच्या भिंतीकडे पाहावे, असा त्यांचा रोख होता.

भिंत दाखवणारे बाबासाहेब एकजुटीचे विरोधक नव्हते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या मतदारसंघातून ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभे होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. परळचे कामगार मैदान त्या काळात अशा सभांनी गाजत होते.

आणि नायगाव. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषद दादरच्या नायगाव भागात भरली. येवल्याच्या घोषणेला सात-आठ महिने झाले होते. धर्मांतर का, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर बाबासाहेबांनी या परिषदेत दिले. ‘मुक्ती कोण पथे?’ या नावाने आपल्या घरोघरी असलेले ते भाषण नायगावचे आहे. पुस्तक आपल्या सर्वांकडे आहे. ते कोणत्या जागी उच्चारले गेले, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते.

शिवडीच्या बीडीडी चाळीचेही एक ऋण आहे. गावाहून आलेल्या, तोवर अक्षरओळख नसलेल्या वामनदादा कर्डकांना लिहिता-वाचता आले ते त्या चाळीच्या दिवसांत, समता सैनिक दलाच्या सहवासात. ज्यांची गाणी आज आपण परदेशातील प्रत्येक भीमजयंतीला ऐकतो, त्या कवीची शाळा ही एक चाळ होती.

चाळीच्या जगण्यातील काही गोष्टींची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत होत नाही. एका खोलीत एकाच गावचे दहा-बारा पुरुष राहत. पाळीप्रमाणे झोपत. रात्रपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला पाठ टेकी. चाळीतील बाया त्यांच्यासाठी खाणावळ चालवीत. गावच्या शाळेसाठी, विहारासाठी, कोणाच्या मयतासाठी वर्गणी या खोल्यांतूनच जमा होई. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले माझे आजोबा वरळीच्या अशाच खोलीत प्रथम उतरले. आमच्या घरात त्यांच्या काळची एक वर्गणीची वही होती. आठ आणे, एक रुपया अशा रकमांपुढे नावे आणि अंगठे. शिकलेला एकच जण सर्वांच्या वतीने लिही. पुढल्या पानांवर अंगठे कमी होत जातात आणि सह्या वाढत जातात. चळवळीचा याहून खरा आलेख माझ्या पाहण्यात नाही.

१९७४ : मैदानाच्या दोन बाजू

हुरहूर लागली की माणूस सोयीचे तेवढेच आठवतो. म्हणून वरळीची दुसरी आठवण येथे सांगणे आवश्यक आहे. बीडीडी चाळींत बौद्धांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी अशी विभागणी सर्वांना ठाऊक होती. कागदावर कोठेही सीमा नव्हती. पण कोणत्या मैदानावर कोणाची सभा, कोणत्या नळावर कोण, हे लहान मुलालाही कळत असे.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा होती. मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक तोंडावर आली होती आणि पँथरने बहिष्काराची भूमिका घेतली होती. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ हे सभेचे वक्ते. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि दंगल पेटली. ती वरळीपुरती न राहता नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून टाकलेला पाटा डोक्यात पडून पँथर कार्यकर्ते भागवत जाधव शहीद झाले. या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमण्यात आला.

जेवण रांधण्याचे साधन शेजाऱ्यावर टाकण्याचे शस्त्र झाले, ही गिरणगावाच्या शेजारधर्माची दुसरी बाजू आहे. चाळीतील माणुसकीचे गोडवे गाणाऱ्या मालिका आणि नाटके मराठीत पुष्कळ आहेत. त्यांतील चाळीत आपली चाळ क्वचितच असते. आपण आपल्या जुन्या वस्तीची आठवण काढायची, ती या साऱ्यासकट. माझ्या आजीला चाळीतील दिवाबत्तीच्या वेळचा गलबला आवडे आणि त्या जानेवारीतील रात्रीही तिला आठवत. दोन्ही आठवणी ती एकाच सुरात सांगे. मला वाटते, इतिहास सांगण्याची तीच प्रामाणिक रीत आहे.

गिरण्यांची जमीन कोणाची झाली?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकेक करून मिटत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम असा बदलला, की वाटणी गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरतीच उरली आणि सार्वजनिक वाटा आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. बाग आणि घरे व्हायची होती तेथे मॉल आणि कार्यालयांचे मनोरे झाले.

माझ्या पिढीतील अनेक संगणक अभियंत्यांची पहिली नोकरी याच मनोऱ्यांत झाली. मीही काही काळ लोअर परळच्या अशा एका जुन्या गिरणीच्या आवारात काम केले. गळ्यातील कार्ड दाखवताच दार उघडे. आजोबांना ज्या साचेखात्याचे दार बंद होते, तशाच एका खात्याच्या जागी नातू वातानुकूलित खोलीत बसत होता. याला प्रगती म्हणावे, आणि मी म्हणतोही. पण त्याच आवाराच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा असणारा, किंवा रात्री फरशी पुसणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे विचारले की प्रगतीचा हिशेब तितका सरळ राहत नाही.

आपल्या समाजाने मात्र एका गिरणीच्या जमिनीबाबत वेगळा निर्णय घडवून आणला. चैत्यभूमीजवळील इंदू मिलची सुमारे बारा एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी, म्हणून डिसेंबर २०११ मध्ये कार्यकर्त्यांनी मिलमध्ये शिरून ठाण मांडले. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने जागा देण्याचे जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा तेथे उभारला जात आहे. गिरणगावाची जमीन लोकांच्या दबावाने लोकांकडे आली, याचे हे ठळक उदाहरण.

काय मिळाले, काय निसटते आहे

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम २०१६ मध्ये म्हाडाकडे सोपवण्यात आले. २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून १९५ चाळी, पंधरा हजारांहून अधिक कुटुंबे. शिवडीच्या चाळी बंदर विभागाच्या जमिनीवर असल्याने या योजनेत आल्या नाहीत. वरळीत जुन्या चार मजल्यांच्या जागी चाळीस मजल्यांच्या इमारती येत आहेत.

ज्यांनी पहाटे बालदी घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहून आयुष्य काढले, त्यांना घरातच शौचालय मिळाले. वृद्ध माणसांना उद्वाहन मिळाले. मुलीला अभ्यासासाठी दार लावता येईल अशी खोली मिळाली. यावर चाळीच्या प्रेमापोटी नाक मुरडण्याचा अधिकार लंडन किंवा न्यू जर्सीत प्रशस्त घरात राहणाऱ्या आपल्याला नाही. बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत खडसावले होते. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी चाळीचे गोडवे गाणे शोभणारे नाही.

मग हुरहूर कशाची? माझ्या मते ती पत्त्याची आहे. ज्या समाजाला शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले, ज्याच्या नावे जमीन नव्हती, शिलालेख नव्हते, त्याने शहरात प्रथमच काही पत्ते मिळवले : दुसरा मजला, खोली ५०, दामोदर हॉल, नायगावचे मैदान, वरळीचे आंबेडकर मैदान. हेच आपले शिलालेख होते. ते पुसले गेले तर पुढच्या पिढीसाठी आपला इतिहास पुतळ्यांचा आणि तारखांचा होईल. माणसे कोठे राहिली, कोठे भांडली, कोठे शिकली, हे त्यातून निघून जाईल.

हे पुसले जाणे सुरू झाले आहे. परळच्या दामोदर नाट्यगृहाने शंभरी गाठली आणि २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून निघून व्हिन्सेंट रोडने, एल्फिन्स्टन पूल ओलांडून दादरच्या चौपाटीकडे गेली. व्हिन्सेंट रोडला आज बाबासाहेबांचे नाव आहे; एल्फिन्स्टन पूल मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या उन्नत मार्गासाठी बंद करून पाडायला घेतला. बीडीडीच्या नव्या वसाहतींची नावे २०२२ मध्ये जाहीर झाली : वरळीला बाळासाहेब ठाकरे, डिलाईल रोडला राजीव गांधी, नायगावला शरद पवार. ज्या नायगावात ‘मुक्ती कोण पथे?’ हा प्रश्न विचारला गेला, तेथील पत्त्यातही त्या प्रश्नाची खूण उरत नाही.

केवळ सरकारला दोष देऊन भागणार नाही. २५ जून २०१६ च्या पहाटेपूर्वी दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची वास्तू पाडली गेली. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ यांच्याशी नाते असलेली ती जागा. पाडकाम समाजाच्याच विश्वस्त मंडळाच्या पुनर्बांधणीच्या योजनेतून झाले. जागा धोकादायक झाली होती, नवे भवन मोठे झाले असते, असा एक पक्ष. बाबासाहेबांचा छापखाना रात्रीच्या अंधारात पाडण्याचा अधिकार कोणालाच नाही, असा दुसरा. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. या वादात कोण बरोबर, याहून मोठा धडा असा, की आपल्या वास्तूंचे काय करायचे हे ठरवण्याची खुली पद्धत आपणच तयार केलेली नाही.

दूर राहणाऱ्यांचे काम

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब तेथे राहिले. येथील आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. पुढे स्थानिक परवानगीचा प्रश्न आला, तेव्हाही आपल्या लोकांनी कागदपत्रांनिशी लढा देऊन ते वाचवले. अल्पकाळ वास्तव्य असलेल्या घरासाठी हे होऊ शकते, तर ज्या पोयबावडीच्या खोल्यांत दोन दशकांचा संसार झाला, तेथील स्मारकाच्या घोषणा प्रत्यक्षात येईपर्यंत आपण पाठपुरावा का करू नये? घोषणा एकाहून अधिक वेळा झाल्या आहेत. आता तारीख आणि आराखडा मागायला हवा.

दुसरे काम पूर्णपणे आपल्या हातातले आहे. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबात गिरणगावात राहिलेले किमान एक वृद्ध माणूस आहे. येत्या सुट्टीत मुंबईला जाऊ तेव्हा त्यांना चाळ क्रमांक, मजला, खोली, त्या खोलीत राहिलेल्यांची नावे, गिरणी आणि खाते, पाहिलेल्या सभा, ऐकलेले जलसे, १९७४ चे अनुभव, हे सारे विचारावे आणि आवाज ध्वनिमुद्रित करावा. वर्गणीच्या वह्या, भाडेपावत्या, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल यांची छायाचित्रे घ्यावीत. घर रिकामे करताना प्रथम फेकले जातात ते हेच कागद. जमलेली माहिती नकाशावर खोलीनिहाय मांडण्याचे काम आपल्यातील संगणक क्षेत्रात काम करणारे सहज करू शकतात. त्यासाठी निधी लागत नाही. चिकाटी लागते आणि कुटुंबाच्या संमतीचा आदर लागतो.

तिसरे काम नव्या इमारतींविषयी आहे. प्रत्येक वसाहतीत ग्रंथालय, विहार आणि तेथील इतिहासाचा फलक असावा, अशी मागणी रहिवासी संस्थांनी करावी आणि आपण तिला बळ द्यावे. देखभालीचा खर्च न झेपल्याने कोणाला घर विकून जावे लागत असेल, तर फलकाआधी त्या कुटुंबाकडे लक्ष द्यावे. चाळीतील वर्गणीची पद्धत आपल्या रक्तात आहे. ती येथे कामी आणता येईल.

सर्व संस्कार अनित्य आहेत, असे तथागतांनी सांगितले. गासडीवरच्या एका रुपयाच्या करातून उभी राहिलेली चाळ शंभर वर्षांत जाणार, यात शोक करण्यासारखे काही नाही. परंतु अनित्यतेचा अर्थ विस्मृती नव्हे. स्मृती हा सम्यक मार्गाचाच एक भाग आहे. आजी-आजोबांच्या खोलीचा क्रमांक मुलांना सांगता येणे, ही त्या स्मृतीची पहिली पायरी. आपल्या कुटुंबाचा क्रमांक आणि आठवण या मासिकाकडे अवश्य पाठवावी. पुढील अंकांत त्या नोंदी क्रमाने प्रसिद्ध करता येतील.

जय भीम. नमो बुद्धाय.